झर्मॅटमध्ये पहिल्यांदा स्कीइंग: खाली कसं येणार ते आधी ठरवा

आल्प्समधल्या मोठ्या स्की रिसॉर्टमध्ये सगळ्यात सोपं काम कोणतं असेल, तर वर जाणं. लिफ्टचा पास खिशात असला की गेट आपोआप उघडतं आणि तारेवरच्या केबिनमध्ये बसलं की थोड्याच वेळात माणूस हिमनदीच्या काठावर पोचतो. तुम्हाला स्कीइंग येतं का, असं तिथे कुणी विचारत नाही. अवघड आहे ते खाली येणं, आणि ते ज्याचं त्याला स्वतःच्या पायांनी करावं लागतं.

झुरिकला राहायला आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मी ऑफिसातल्या दोन सहकाऱ्यांबरोबर झर्मॅटला गेले. दोघंही लहानपणापासून स्की करणारे. "सोपं आहे, आमच्या मागोमाग ये," म्हणाले. आम्ही थेट ट्रॉकनर श्टेग या वरच्या स्टेशनला, म्हणजे २,९३९ मीटरवर गेलो. सपाट भाग संपून उतार लागला आणि मला थांबताच येत नाही हे लक्षात आलं. चारदा पडले. हात थरथरायला लागले. शेवटी स्की खांद्यावर टाकून कडेकडेने चढत स्टेशनवर परत आले आणि केबिनने खाली उतरले. पासाचे पैसे गेले ते गेलेच, वर मनात भीती बसली ती वर्षभर निघाली नाही. पुढच्या हिवाळ्यात एकटी गेले, वर्ग लावला, लहान मुलांच्या उतारावर चार दिवस काढले, आणि पाचव्या दिवशी रिफेलबर्गच्या निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावरून समोर मॅटरहॉर्न शिखर बघत, न पडता खाली आले. त्या दोन हिवाळ्यांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. खाली कसं येणार हे ठरल्याशिवाय वर जायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

जागा समजून घ्या

झर्मॅट हे स्वित्झर्लंडच्या वॅले प्रांतातलं, सुमारे १,६२० मीटर उंचीवरचं गाव. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे; छोट्या विजेच्या टॅक्सी आणि बस तेवढ्या फिरतात. गाडीने येणाऱ्यांनी पाच किलोमीटर अलीकडे टॅश गावात गाडी ठेवायची आणि तिथून शटल ट्रेन पकडायची. १२ मिनिटांत गावात. पण मी म्हणेन, गाडी आणूच नका. झुरिक विमानतळावरून ट्रेनने फिस्पपर्यंत यायचं आणि तिथे मॅटरहॉर्न गोटहार्ड कंपनीची लहान लाल ट्रेन पकडायची. एकूण साडेतीन तासांच्या आसपास. २००७ साली लोट्शबर्गचा ३४.६ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून हा प्रवास बराच आटोपशीर झाला आहे.

गावातून वर जायला तीन मुख्य वाटा आहेत आणि नवख्या माणसाने त्या पाठ कराव्यात, कारण त्यांची अवघडता सारखी नाही. पूर्वेला बोगद्यातून जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, सुनेग्गाला (२,२८८ मीटर) पोचवते आणि तिथून पुढे ब्लाउहर्ड व रोटहॉर्नकडे लिफ्ट जातात. मधली वाट गोर्नरग्राट रेल्वेची. १८९८ साली सुरू झालेली ही दातेरी रुळांची गाडी ३,०८९ मीटरपर्यंत चढते आणि वाटेत रिफेलबर्गला थांबते. तिसरी वाट केबिनची: फुरी, ट्रॉकनर श्टेग आणि अखेरीस ३,८८३ मीटरवरचं मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज. पहिल्या तीन-चार दिवसांत तुमचं काम पहिल्या वाटेवर आहे, नंतर दुसऱ्या. तिसरी वाट स्की पायात असताना पहिल्या सहलीत नकोच. तिथला देखावा बघायचा असेल तर एक दिवस स्की खोलीवर ठेवून, पर्यटक म्हणून जाऊन या.

इटलीची बाजू धरून इथे सुमारे ३६० किलोमीटर उतार आहेत, असं जाहिरातीत वाचाल. नवशिक्याने या आकड्याला भुलू नये. पहिल्या आठवड्यात तुम्हाला लागतील फार तर चार-पाच किलोमीटर, पण ते योग्य ठिकाणचे.

हिमनदीमुळे इथे वर्षभर कुठे ना कुठे स्कीइंग चालतं. नवशिक्याला मात्र जानेवारीचा मध्य किंवा मार्च चांगला. जानेवारीत थंडी कडक असते, पण गर्दी कमी आणि बर्फ चांगला. मार्चमध्ये दिवस मोठा, ऊन छान. फक्त दुपारनंतर बर्फ पाणचट होतो. नाताळ ते नवीन वर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा. तेव्हा भाडी चढलेली असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे उतारावर वेगाने जाणाऱ्यांची दाटी असते. आणि पाच दिवसांची सवड काढता येत नसेल तर स्कीइंगचा बेत पुढे ढकला. एका दिवसात फक्त पडणं होतं, शिकणं होत नाही. युरोपच्या टूरमध्ये एक दिवस कोंबून हे होणार नाही.

निघण्याआधी

विम्याकडे आधी बघा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण अशा अनेक पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदात 'विंटर स्पोर्ट्स' हे शब्द शोधा, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च धरला आहे का तेही बघा. तो खर्च हजारो फ्रँकमध्ये जातो. स्वित्झर्लंडमध्ये आठवड्याला निदान आठ तास नोकरी करणाऱ्यांना नोकरीतूनच अपघात विमा मिळतो आणि त्यात सुट्टीतले अपघातही येतात. पण भेटीला आलेल्या आईबाबांना आणि भावंडांना तो लागू नाही. त्यांची पॉलिसी वेगळी तपासा.

दुसरी तयारी शरीराची. निदान सहा आठवडे आधी बैठका सुरू करा. आपल्या आजोबांच्या वेळच्या साध्या बैठकाच यासाठी उत्तम, कारण स्कीइंगचा सगळा भार मांड्यांवर पडतो. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवर बसल्यासारखं एक मिनिट थांबता येईपर्यंत सराव करा. जिने चढताना दम लागतोच, पण इथे जास्त उपयोगी पडतं ते जिने उतरणं.

कपड्यांत सुती काहीही नको. सूत घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसलं की तोच घाम गार पडतो. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट व पँट. जीन्स अजिबात नको. जलरोधक हातमोजे, गॉगल आणि मानेभोवतीची नळी म्हणजेच बफ, या तीन गोष्टींवर पैसे खर्च करा. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. म्हणून एसपीएफ ५० चं सनस्क्रीन नाकाखाली, हनुवटीखाली आणि कानांनाही लावा. सावळ्या त्वचेला लागत नाही हा गैरसमज आहे. मी त्याचे चट्टे आठवडाभर वागवले आहेत. जॅकेट-पँट तिथे भाड्याने मिळू शकते, थर्मल आणि मोजे मात्र भारतातूनच न्या. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी म्हणून दोन मोजे घातलेत तर बुटात घडी पडते, रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो.

बूट: इथे घाई करू नका

सामान भाड्याने घ्या, आणि पोचल्या दिवशी संध्याकाळीच घ्या. सकाळी दुकानात रांग असते, आणि घाईत घेतलेला बूट तुमचा आठवडा खराब करतो. मला विचाराल तर स्की दुय्यम आहे, बूट पहिला.

बुटाचं माप पायाच्या लांबीच्या सेंटीमीटरमध्ये असतं: २४.५, २६, २७.५ असं. बुटात थर्मल पँटचं खालचं टोक जाऊ देऊ नका, आत फक्त मोजा हवा. पाय घातल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा आणि मग बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. बूट घट्ट लागणारच, चपलेसारखा सैल बूट इथे धोक्याचा. पण घट्ट असणं वेगळं आणि एखाद्या ठिकाणी टोचणं वेगळं. दुकानातच दहा मिनिटं घालून फिरा. टोचत असेल तर निःसंकोच दुसरा मागा, आणि पहिल्या दिवसानंतर दुखला तरी बदलून घ्या. दुकानदारांना याची सवय असते.

स्कीची उंची नवशिक्याला हनुवटी ते नाक यांच्या मध्ये पुरे. काठी उलटी धरून, चकतीच्या खाली मूठ ठेवल्यावर कोपर काटकोनात यावं. आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार तुमचं वय, उंची, वजन आणि तुम्ही कितपत शिकला आहात हे विचारतो. हे खरं सांगा. या माहितीवरून तो बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) आकडा लावतो, म्हणजे पडल्यावर स्की किती जोराने पायातून सुटेल हे ठरतं. वजन लाजेने कमी सांगितलंत तर स्की उगाच सुटत राहील. अनुभव फुगवून सांगितलात तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि पीळ थेट गुडघ्यात जाईल. हेल्मेट घ्याच.

लिफ्टच्या पायथ्याशी सामान ठेवायची सोय असलेलं दुकान निवडा. त्याचे थोडे जास्त पैसे पडले तरी द्या. स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन गावातल्या निसरड्या रस्त्यांवरून चालणं पहिल्या दिवशी फार दमवतं.

पास आणि वर्ग

पूर्ण क्षेत्राच्या पासाला दिवसाला साधारण शंभर फ्रँक पडतात. किंमत तारखेप्रमाणे बदलते आणि आधी घेतल्यास कमी पडते. पण पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पूर्ण पास नकोच आहे. तिकीट खिडकीवर स्पष्ट सांगा, "मी नवशिकी आहे, सुनेग्गाच्या सरावाच्या उतारावर जाणार आहे." तेवढ्यापुरतं स्वस्तातलं तिकीट मागा. इटलीसह असलेला आंतरराष्ट्रीय पास पहिल्या सहलीत घेऊ नका. पासात चिप असते. तो जॅकेटच्या डाव्या खिशात, मोबाइलपासून लांब ठेवा. गेट डाव्या बाजूने वाचतं.

वर्ग आधीच आरक्षित करा. मोठ्यांसाठी तीन ते पाच दिवसांचे गटवर्ग असतात आणि बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, तेव्हा प्रवास त्या हिशेबाने आखा. खासगी शिक्षक महाग पडतो, पण चौघांनी मिळून घेतला तर परवडतो. नवऱ्याकडून, बायकोकडून किंवा मित्राकडून शिकू नका. ज्याला स्कीइंग येतं त्याला ते शिकवता येतंच असं नाही, आणि भांडण झालं तर ते डोंगरावर होतं.

पहिला दिवस

सुनेग्गाला उतरलात की खाली लाइजे नावाचं गोठलेलं तळं दिसेल. त्याच्या काठी नवशिक्यांचं मैदान आहे, त्याला वोली पार्क म्हणतात. वोली म्हणजे या भागातली काळ्या तोंडाची मेंढी. आजूबाजूला चार-पाच वर्षांची मुलं असतील. संकोच करू नका, जागा उत्तम आहे. उतार मंद आहे, खाली सपाट आहे त्यामुळे स्की आपोआप थांबते, वर न्यायला सरकता पट्टा आहे, आणि दमलात तर लिफ्टने सुनेग्गाला येऊन फ्युनिक्युलरने गावात परत. थोडक्यात, खाली यायची वाट पक्की आहे. म्हणूनच पहिला दिवस इथे.

आधी एकच स्की घालून सपाट जागेवर चाला, मग दुसरी. घालण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ काठीने किंवा बाइंडिंगवर घासून काढा; तो राहिला तर बूट बसत नाही. पुढचा भाग आधी अडकवायचा, मग टाच खाली दाबायची. 'खट्ट' असा आवाज आला पाहिजे. उतारावर उभे असाल तर स्की उताराला आडव्या ठेवा आणि खालच्या बाजूची आधी घाला.

मग पडायला शिका. तोल गेलाच तर बाजूला, डोंगराच्या बाजूने अंग टाका. मागे बसू नका आणि हाताने सावरायला जाऊ नका. काठीचा पट्टा मनगटात असताना पडलं तर अंगठ्याचं लिगामेंट दुखावतं, म्हणून पहिल्या दिवशी बरेच शिक्षक काठ्या बाजूलाच ठेवायला लावतात. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणा, मग हाताने जोर लावा. नाही जमलं तर वरची स्की काढून उठा. यात कमीपणा नाही.

आता थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि गुडघे थोडे वाकलेले. मुलांना शिकवताना याला 'पिझ्झा' म्हणतात, कारण आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. टाचा जितक्या बाहेर ढकलाल तितका ब्रेक लागतो. पुढची टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. दहा वेळा खाली या आणि दहाही वेळा स्वतः ठरवलेल्या रेषेवर थांबा. दहातली दोनदा रेषा चुकली तर अजून दहा फेऱ्या. वळणं शिकायची घाई होते, पण आधी थांबणं पक्कं झालं की अंगातली भीती निम्मी होते आणि वळणं पुढे पटकन येतात.

वळणाचं तत्त्व साधं आहे: डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार द्या, उजवीकडे तर डाव्यावर. बाहेरच्या पायावर भार, आणि नजर जिकडे जायचं तिकडे. स्कीच्या टोकांकडे बघितलं की तोल जातोच.

सह्याद्रीत फिरलेल्यांना इथे एक खास सूचना. घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, प्रसंगी बूड टेकतो, आणि तिथे ते बरोबरच आहे. स्कीवर तीच सवय घात करते. मागे रेललं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, ती वळत नाही, थांबत नाही आणि वेग वाढत जातो. म्हणून भीती वाटली की पुढे झुकायचं, नडग्या बुटाच्या जिभेवर दाबायच्या आणि हात समोर ठेवायचे. मन नाही म्हणतं. मला हे अंगात मुरायला तीन दिवस लागले, आणि मी राजगड-तोरण्यावर वाढलेली.

पहिल्या दिवशी तीन तास पुष्कळ झाले. पहाटे विमानातून उतरून दुपारी डोंगरावर असं करू नका, रात्र गावात काढा. पाणी पीत राहा. उंचीवर तहान जाणवत नाही, पण शरीर कोरडं पडतं. डोकं ठणकू लागलं, मळमळलं तर औषध घेऊन रेटू नका, खाली या.

दुसरा ते पाचवा दिवस

दुसऱ्या दिवशी सगळं अंग दुखेल आणि कालचं काहीच येत नाही असं वाटेल. सकाळचा पहिला तास तसाच जातो, नंतर शरीराला आठवतं. या दिवसांत लिफ्टची ओळख करून घ्या. चेअरलिफ्टवर काठ्या एका हातात घ्या, मागून येणाऱ्या खुर्चीकडे बघा, बसलं की दांडा खाली ओढा. उतरताना स्कीची टोकं वर, उभं राहायचं आणि लगेच पुढे सरकून जागा मोकळी करायची. दोरीला उलट्या टी आकाराचा दांडा असलेली लिफ्ट भेटली तर त्यावर बसायचं नाही. तो दांडा फक्त ढकलतो. बसलात की खालीच जाल. घाबरायला झालं तर कर्मचाऱ्याला हात करा, तो लिफ्टचा वेग कमी करतो.

स्वित्झर्लंडमध्ये उतार तीन रंगांचे. निळा सोपा, २५ टक्क्यांपर्यंत चढाचा. लाल ४० टक्क्यांपर्यंत. त्यापुढे काळा. पिवळ्या खुणांच्या वाटा हिमस्खलनापासून सुरक्षित केलेल्या असतात, पण तिथला बर्फ यंत्राने दाबलेला नसतो, तेव्हा त्या तुमच्या कामाच्या नाहीत. आता खरी मेख ऐका. रंग उताराची तीव्रता सांगतो, बर्फाची अवस्था सांगत नाही. रात्री यंत्राने सारखा केलेला निळा उतार सकाळी गालिच्यासारखा असतो. तोच दुपारी तीनला ढिगाऱ्यांनी भरतो आणि सावलीत काचेसारखा कडक होतो. म्हणून नवीन उतार सकाळी करून बघा आणि दुपारी ओळखीच्या जागी परत या.

गावापर्यंत उतरणाऱ्या वाटा शेवटी नेहमी मोहात पाडतात. संध्याकाळी सगळे त्याच वाटेने घरी निघालेले असतात, वाट ठिकठिकाणी अरुंद, बर्फ घट्ट झालेला आणि पाय दमलेले. पहिल्या सहलीत गावापर्यंत स्कीने उतरू नका. फ्युनिक्युलरने, ट्रेनने नाहीतर केबिनने या. रोज सकाळी नकाशावर बोट ठेवून स्वतःला विचारा: या लिफ्टच्या माथ्यावरून खाली येणारी निळी वाट आहे का? नसेल तर हीच लिफ्ट मला खाली आणेल का? शेवटची फेरी कधी? तिन्ही उत्तरं मिळाली तरच चढा.

चौथ्या-पाचव्या दिवशी, शिक्षक हो म्हणाले तर, गोर्नरग्राट रेल्वेने रिफेलबर्गला जा. उंची २,५८२ मीटर, उघडे रुंद निळे उतार, आणि समोर ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न आख्खा उभा. दमलात तर स्टेशन हाकेच्या अंतरावर. मी जिथे पहिल्यांदा न पडता आले ती हीच जागा.

नियम आणि आणीबाणी

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत आणि वादाच्या वेळी ते कायद्याइतकेच मानले जातात. त्यातला सर्वांत महत्त्वाचा असा: जबाबदारी मागून येणाऱ्याची. समोरचा कसाही वळला तरी त्याला वाचवणं तुमचं काम. पडलात तर कडेला व्हा, अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या आड थांबू नका, आणि निघण्याआधी वर बघा. चालत जायचं तर फक्त कडेने.

खुणेच्या खांबांबाहेर पाऊल टाकू नका. झर्मॅटमध्ये हे आणखी गंभीर आहे, कारण वरचे उतार हिमनदीवर आहेत आणि खांबांपलीकडे बर्फाखाली झाकलेल्या भेगा असतात. कुणीतरी गेल्याच्या रेषा दिसतील. त्या माणसाजवळ दोर आणि वाटाड्या होता की नव्हता हे तुम्हाला माहीत नाही. उतार बंद झाल्यावरही तिथे थांबू नका. रात्री बर्फ दाबणारी यंत्रं लांब तारांना बांधून चालतात आणि अंधारात ती तार दिसत नाही.

ढग उतरून सगळं पांढरं झालं की चढ-उतारही कळेनासा होतो. अशा दिवशी वर जाऊ नका. गावात फिरा, संग्रहालय बघा. एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाच्या चमूने १८६५ च्या जुलैमध्ये मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर केला आणि उतरताना सातांपैकी चौघे गेले. त्या वेळी तुटलेला दोर तिथे ठेवला आहे.

अपघात दिसला तर जखमी माणसाच्या थोडं वर दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा, म्हणजे मागून येणारे सावध होतात. जवळच्या खांबावरचा उताराचा क्रमांक बघा आणि १४४ लावा; ११२ सुद्धा चालतो. या भागात १९६८ पासून एअर झर्मॅटची हेलिकॉप्टर बचावाचं काम करतात. जखमीचा बूट काढू नका.

जेवण, आणि इटलीचा मोह

डोंगरावरची उपाहारगृहं महाग आहेत. खिशात चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू ठेवा. थंडीत चॉकलेट दगडासारखं होतं, चिक्कीला काही होत नाही. शाकाहाऱ्यांना किसलेल्या बटाट्याची र‍ोष्टी, राक्लेट आणि फोंड्यू हे वितळलेल्या चीजचे पदार्थ मिळतात. आल्पलरमाक्रोनन हा मॅकरोनी-बटाट्याचा पदार्थ चविष्ट असतो, पण त्यात पुष्कळदा डुकराचं मांस असतं, तेव्हा विचारून घ्या. काटेकोर शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या की ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेट या पाचक द्रव्याने विरजलेली असतात. दुपारी वाइन घेऊन उतारावर जाऊ नका, उंचीवर ती लवकर चढते.

इटलीतलं चेर्विनिया दुसऱ्या सहलीसाठी ठेवा. तिथले उतार रुंद आणि खरं तर नवशिक्याला झेपणारे आहेत. अडचण परतीची आहे. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात, आणि मग झर्मॅटला परतायला ग्रेट सेंट बर्नार्ड बोगद्याच्या बाजूने टॅक्सीने काही तासांचा वळसा आणि शेकडो फ्रँक. पुढे कधी गेलात तर पासपोर्ट सोबत ठेवा, वाऱ्याचा अंदाज बघून निघा आणि दुपारी लवकर परत फिरा. इटलीत २०२२ पासून उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. तो पासाबरोबर घेता येतो. स्कीविना सीमा ओलांडायची असेल तर २०२३ च्या जुलैपासून हिमनदीवरून थेट केबिन सुरू झाली आहे. आईबाबांना न्यायला ती सुंदर आहे, मात्र ३,८८३ मीटरवर हवा विरळ असते, तेव्हा हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटच्या दिवशी

शेवटच्या दुपारी "आणखी एकच फेरी" करू नका. पाय दमलेले असतात आणि मन सैल झालेलं असतं. सामान परत करण्याआधी बुटावरचं माप, स्कीची लांबी आणि बाइंडिंगवरचा आकडा यांचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. कोणत्या बुटात पाय दुखला नाही, तो कोणत्या कंपनीचा होता, तेही लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात दुकानात हा फोटो दाखवला की निम्मं काम तिथेच होतं. बाइंडिंग मात्र त्या वेळच्या वजनाप्रमाणे नव्याने लावून घ्या.